भिंगरीच्या ब्रेकची चोरी

१. हलका डबा

डबा उचलला आणि तो हलका लागला, तेव्हाच दातांच्या डॉक्टरांना शंका आली. त्यांनी घाईघाईनं झाकण उघडलं. आत निळ्या रंगाचे चार ब्रेक पॅड असायला हवे होते. होता तो फक्त चिमूटभर काळा भुगा आणि एक मेलेलं झुरळ.

"गेले!" डॉक्टर ओरडले. ओरडल्याबरोबर कंबरेतून कळ आली, म्हणून दुसऱ्यांदा "गेले" ते जरा बेतानं म्हणाले.

हे डॉक्टर आठवडाभर लोकांचे दात दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःची चांगली गाडी बिघडवायचे, असं त्यांच्या आत्याचं म्हणणं होतं. गाडी तशी छोटीशी, जुनीच. दवाखान्यामागच्या गॅरेजमध्ये तिचा मुक्काम. वजन कमी करायचं म्हणून डॉक्टरांनी तिची मागची सीट काढली होती, गालिचा काढला होता, रेडिओ काढला होता. उलट स्प्रिंगा कडक बसवल्या होत्या, ब्रेक मोठे घेतले होते आणि ड्रायव्हरसाठी शर्यतीतली खोलगट सीट आणली होती. एवढा खटाटोप कशासाठी, तर ट्रॅक डेसाठी. त्या दिवशी खऱ्याखुऱ्या शर्यतीच्या ट्रॅकवर हौशी माणसांना आपापली गाडी पळवू देतात. बक्षीस वगैरे काही नाही. घड्याळाशी भांडायचं, आणि जमलंच तर शेजारच्याला चिडवायचं.

येत्या रविवारी असा ट्रॅक डे होता, आणि त्यानंतर ट्रॅक नव्या डांबरासाठी वर्षभर बंद होणार होता. डॉक्टरांची सगळी मदार त्या निळ्या पॅडवर होती. एरवी गाडीला रस्त्यावरचे साधे पॅड असायचे. ट्रॅक डे आला की ते काढून हे निळे, कडक पॅड घालायचे, कारण साधे पॅड ट्रॅकवर तापले की ब्रेक लागेनासे होतात. निळे पॅड एरवी डब्यात बंद असायचे. तसले पॅड दोन दिवसांत कुठेही मिळाले नसते.

एक महिनाभर डॉक्टर इकडे फिरकलेच नव्हते. गिअरबॉक्स एकट्यानं उचलायची मर्दुमकी त्यांना भोवली होती. कंबर धरली, दवाखाना बंद ठेवावा लागला आणि घरी पडून राहावं लागलं. हाडांच्या डॉक्टरांनी रविवारी चार फेऱ्या मारायला मोठ्या मिनतवारीनं परवानगी दिली होती. वाकायला आणि वजन उचलायला मात्र सक्त मनाई होती.

"किल्ल्या तीनच आहेत," डॉक्टर बायकोला म्हणाले. "एक मेकॅनिककडे. एक तुझ्या भावाकडे. तिसरी आपल्या घरच्या खुंटीवर. कुलूप तर शाबूत आहे. मग उरलं कोण?"

बायको दारातच उभी होती. डॉक्टरांनी तेवढ्यात फोन काढून मेहुण्याला लावलासुद्धा.

"गाडी माझ्यासारखीच घेतलीस, ते ठीक आहे. आता पॅडही माझेच का?" असं सुरू झालेलं बोलणं पाहता पाहता "चोर" या शब्दापर्यंत पोचलं. पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

"झालं?" बायको म्हणाली. "आता माझा भाऊ रविवारी येणार नाही, आणि पुढेही कधी येईल असं वाटत नाही. मी आत्यांना बोलावते."

२. आत्या

आत्यांनी जन्मभर विमा कंपनीत अपघात झालेल्या गाड्या आणि त्या गाड्यांच्या मालकांच्या थापा तपासल्या होत्या. उभी गाडी आपोआप झाडावर कशी आपटली, हे सांगणारे शेकडो लोक त्यांनी शांतपणे ऐकून घेतले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ऐकायची खोड गेली नव्हती. उंची बेताची, चष्मा जाड, आणि जीभ डॉक्टरांच्या कुठल्याही हत्यारापेक्षा धारदार.

शनिवारी सकाळी त्या आल्या त्या थेट दवाखान्यातून गॅरेजमध्ये शिरल्या.

"खिडकीतल्या कुंड्या वाळून कोळ झाल्यात रे," त्या म्हणाल्या. "दवाखाना आहे की वाळवंट?"

"असं कसं? ही तर रोज सकाळी पाणी घालायला येते," डॉक्टर म्हणाले. "ऊन फार लागत असेल. आत्या, तू कुंड्या सोड आणि डबा बघ."

आत्यांनी डबा पाहिला, झुरळ पाहिलं आणि दोन्ही बाजूला ठेवलं. मग त्या गाडीभोवती फिरल्या. गाडी लख्ख होती. पांढऱ्या चाकांवर मात्र बारीक बारीक तांबूस ठिपके उठले होते, गोवर आल्यासारखे. आत्यांनी एका ठिपक्यावर नख घासलं.

"हे काय?"

"गंज असेल. बंद गॅरेज, ओल धरते," डॉक्टरांनी जागेवरूनच सांगितलं. त्यांना वाकून बघता येत नव्हतं, आणि चाकांत त्यांना रसही नव्हता. "गाडी महिनाभर जागची हललेली नाही."

"अच्छा," आत्या म्हणाल्या. त्यांचं "अच्छा" ऐकून पूर्वी भल्याभल्यांना घाम फुटायचा.

मग त्यांनी दार उघडलं, पदर खोचला आणि त्या खोलगट सीटमध्ये जाऊन बसल्या. ती सीट पुढेमागे होत नव्हती, म्हणून पाय पुढे ताणून पेडलपर्यंत नेले. स्टिअरिंगवर हात ठेवून मान वर केली.

"अगबाई! आरशात मागचं सगळं कसं छान दिसतंय! बसून राहावंसं वाटतंय मला."

"आत्या, प्लीज," डॉक्टर कळवळले. "उद्या ट्रॅक डे आहे."

"उठते बाबा. पण मला एक सांग, सूनबाईला विचारलंस का?"

डॉक्टर खो खो हसले. हसताना कंबर दुखली तरी हसले. "हिला? अगं, हिच्या हातात ब्रेक पॅड दिला तर ही साबणाची वडी समजून कपडे धुवायला घेईल! तू नाव विसरलीस का गाडीचं?"

गाडीचं नाव भिंगरी. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच ट्रॅक डेला बायकोनं हौसेनं एक फेरी मागितली होती आणि दुसऱ्याच वळणावर गाडी गरागरा फिरून गवतात उलट्या तोंडानं उभी राहिली होती. तेव्हापासून हा किस्सा डॉक्टरांनी गावभर केला होता. दवाखान्यातल्या प्रत्येक पेशंटला तो ऐकावाच लागे, कारण तोंडात नळी आणि कापूस असताना कोणाला विषय बदलता येत नाही. बायको समोरून गेली तर पेशंट भुवया उंचावून "ह्याच का त्या?" असं विचारायचे.

दाराशी काहीतरी खुट्टकन वाजलं. बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे बाकावर ठेवला आणि ती निघून गेली. जाताना ती डावा पाय जरा जपून टाकत होती.

३. सूर आणि नट

"आता मेकॅनिक," आत्या म्हणाल्या.

मेकॅनिकला सगळे नटबोल्ट म्हणायचे. नट जसा घट्ट बसतो तसं त्याचं तोंड घट्ट, म्हणून. आत्यांनी त्याला बाकावर बसवलं आणि चहा पुढे केला.

"निळे पॅड तुमच्याकडे आहेत?"

"माझ्या गॅरेजमध्ये नाहीत, घरी नाहीत, खिशात नाहीत. पाहिजे तर झडती घ्या."

"तुम्ही ते विकलेत?"

"आईशप्पथ नाही."

"या महिन्यात इथे आला होतात?"

नटबोल्टनं चहाचा मोठा घोट घेतला. तो घशाखाली उतरायला नको तितका वेळ लागला. "येतो की. बॅटरी उतरू नये म्हणून गाडी सुरू करावी लागते ना."

"एकटेच येता?"

"चहा फक्कड झालाय," नटबोल्ट म्हणाला आणि उठला. "डॉक्टरसाहेब, वीस वर्षं तुमची गाडी मीच बघतो. मला चोर म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा. पण उद्यापर्यंत थांबून म्हणा." आणि तो गेला.

"पाहिलंस?" डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "उद्यापर्यंत! म्हणजे ट्रॅक डे होऊन जाईपर्यंत! हा आणि माझा मेहुणा, दोघं मिळालेले आहेत."

आत्यांनी मान वर केली. त्यांना वरून व्हायोलिनचे सूर ऐकू येत होते. गॅरेजच्या माडीवर व्हायोलिनच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई राहत होत्या. त्यांचं आणि डॉक्टरांच्या सायलेन्सरचं जुनं वैर होतं. डॉक्टरांच्या संशयितांत त्यांचाही नंबर लागत होता, किल्ली नसली तरी.

बाईंनी गॅलरीतूनच तोफ डागली. "चोरी? बरं झालं! त्या गाडीचे ब्रेक म्हणजे छळ आहे नुसता. रोज सकाळी बोळाच्या तोंडाशी अशी किंचाळते की माझ्या विद्यार्थिनींच्या तारा उतरतात."

"रोज सकाळी?" डॉक्टरांनी वर पाहिलं. "बाई, गाडी महिनाभर बंद आहे."

"माझे कान बंद नाहीत. आधी असा आवाज नव्हता. आधी फक्त घरघर होती. आता थांबताना अगदी वरच्या तारेवर गज घासल्यासारखी किंकाळी. एक मात्र सांगते, हल्ली चालवतात बरी. पूर्वी बोळात वळताना तुम्ही माझी कुंडी दोनदा फोडलीत. आता एकदाही नाही."

डॉक्टरांचा चेहरा पडला. म्हणजे कोणीतरी भिंगरी बाहेर काढत होतं. त्यांची भिंगरी! आणि तेही त्यांच्यापेक्षा चांगली चालवत होतं.

"मेहुणाच," ते पुटपुटले. "शंभर टक्के तोच."

तेवढ्यात बोळात एक गाडी येऊन थांबली. दार उघडून मेहुणाच उतरला. चेहरा लाल, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड.

४. मेहुण्याचं पुडकं

मेहुणा ताडमाड उंच होता. त्यानं पुडकं बाकावर ठेवलं आणि कागद सोडला. आत निळे ब्रेक पॅड होते. चार.

"सापडले!" डॉक्टर उडालेच.

"भाऊजी, नीट बघा," मेहुणा म्हणाला. "तुमचे एक हंगाम वापरलेले होते. हे जवळजवळ नवे आहेत. माझे आहेत. आत्ताच माझ्या गाडीचे काढून तिला साधे बसवून आलो. तुमच्या गाडीला बसतात, उद्या वापरा."

"आणि तू?"

"मी नाही धावणार. चोर म्हणवून घेऊन कोणाच्या मागे धावायची मला हौस नाही."

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. रोज दहा जणांना तोंड उघडायला लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडाचं काय करावं ते कळेना. त्यांना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत. याच पोराला त्यांनी ट्रॅकचं वेड लावलं होतं. पहिल्या फेरीला शेजारी बसवून नेलं होतं. आणि काल फोनवर काय काय बोललो होतो आपण!

"माझं चुकलं रे," ते म्हणाले. "पण मग ते पॅड घेतले कोणी?"

"ते मी सांगते," आत्या म्हणाल्या. "सूनबाईला बोलव. नटबोल्टलाही बोलव, तो कोपऱ्यावरच उभा आहे. आणि तू त्या खुर्चीवर बस. कंबर सांभाळ, कारण तुला हादरा बसणार आहे."

५. आत्यांचा हिशेब

सगळे जमले. बायको भिंतीला टेकून उभी राहिली. नटबोल्ट छताकडे बघत होता. गॅलरीतल्या बाईंनी शिकवणी थांबवली होती आणि आपण ऐकत नाही असं दाखवत त्या कुंडीला पाणी घालत होत्या.

"सगळ्यात आधी गाडी," आत्यांनी सुरुवात केली. "महिनाभर बंद असलेल्या गाडीवर बोटभर धूळ हवी. ही आंघोळ करून बसली आहे. म्हणजे कोणीतरी ती चालवली आणि चालवल्याच्या खुणा राहू नयेत म्हणून धुतली. गंमत अशी, की धुतल्यामुळेच खूण उठली. हे तांबूस ठिपके ओलीचे नाहीत. कडक ब्रेक पॅडमध्ये लोखंडाचा चुरा असतो. ब्रेक दाबले की तो उडून चाकावर बसतो, पाणी लागलं की गंजतो. साध्या पॅडनी चाकं काळी होतात, अशी गोवर आल्यासारखी नाही होत. असली चाकं मी जन्मभर पाहिली आहेत."

"म्हणजे..." डॉक्टर म्हणाले.

"थांब. निळे पॅड थंड असले की किंचाळतात. हे तूच मला शंभरदा ऐकवलं आहेस. बाईंनी तीच किंकाळी ऐकली. म्हणजे तुझे निळे पॅड कोणी विकले नाहीत, पळवले नाहीत. तू सगळी फडताळं धुंडाळलीस आणि पॅड जिथे घालायचे असतात ती जागा सोडलीस."

नटबोल्टनं न सांगता जॅक लावला. पुढचं चाक निघालं. आत, ब्रेकच्या डिस्कला घट्ट मिठी मारून, निळे पॅड बसले होते.

डॉक्टर बघतच राहिले. चोरीचा माल दिवसभर त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता, आणि तोही त्यांच्याच गाडीत.

"पण घातले कोणी? चालवलं कोणी?"

"आरशाला विचार. तू उंच, तुझा मेहुणा त्याहून उंच, नटबोल्टचं डोकं तर छताला टेकतं. त्यांच्यापैकी कोणी आरसा लावला असता तर मला त्यात छत दिसलं असतं. मी बुटकी बाई सीटवर बसले आणि मला मागची काच अख्खी दिसली. म्हणजे चालवणारं माणूस माझ्या उंचीचं. किल्ली? खुंटीवरची. ती तू धरलीच नाहीस, कारण ती आपली. आता रोज सकाळी दवाखान्यात कुंड्यांना पाणी घालायला कोण येतं, आणि तरी कुंड्या का वाळतात?"

सगळे भिंतीकडे वळले, पण आत्या थांबल्या नाहीत.

"आणखी एक. तुझं कंबरेचं मलम संपलं का रे?"

"दोन ट्यूब," डॉक्टर आपोआप बोलून गेले. "मी म्हटलं एवढ्यात कशा संपल्या..."

"एक तुझ्या कंबरेला लागली, एक तुझ्या त्या मेल्या कडक क्लचनं धरलेल्या हिच्या गुडघ्याला. डाव्या." आत्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझा हिशेब चुकला तो एकाच जागी. तू मेहुण्यावर संशय घेतलास, मेकॅनिकवर घेतलास, वरच्या बिचाऱ्या बाईंवर घेतलास. हिच्यावर घ्यायची तुझी तयारीच नव्हती. विश्वास होता म्हणून नव्हे हं. हिला जमेल असं तुला वाटलंच नाही."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि तरी ती हसत होती.

"तुमच्या त्या साबणाच्या वड्या, म्हणजे साधे पॅड, दवाखान्यात आहेत," ती म्हणाली. "खालच्या खणात, पेशंटच्या गळ्यात बांधायच्या रुमालात गुंडाळून. मीच ते काढले, मीच निळे घातले. नटबोल्टभाऊ फक्त बघत होते."

"वहिनींचा हात बसलाय आता," नटबोल्टला अखेर कंठ फुटला. "ट्रॅकवर सकाळी नवशिक्यांना शिकवतात. तिथे नेत होतो. आधी चार वेळा गवतात गेल्या. नंतर नाही."

"उद्यासाठी नाव दिलंय मी," बायको म्हणाली. "तुम्हाला तिथेच दाखवणार होते. दोन वर्षं झाली, अहो. भाजीवाल्यालासुद्धा ठाऊक आहे मी गाडी भिंगरीसारखी फिरवली ते. बँकेत गेले तर कॅशियर हसतो. मला राग यायचा नाही आधी. मग यायला लागला. म्हटलं, ट्रॅक बंद व्हायच्या आत ते वळण एकदा सरळ घेऊन दाखवायचं, म्हणजे झालं. काल तुम्ही भावाला चोर म्हणालात तेव्हा सांगूनच टाकणार होते. पण मनात आलं, बघू तरी, माझं नाव यांच्या डोक्यात येतं का. नाही आलं. म्हणून आत्यांना बोलावलं. आणि दादा, तुला फुकट बोलणी खावी लागली रे माझ्यापायी."

"मला काय," मेहुणा म्हणाला. "माझे पॅड मला परत मिळाले म्हणजे झालं."

डॉक्टर खुर्चीतून उठले. कंबर धरत धरत बायकोपाशी गेले. बोलायला बरंच होतं, पण त्यांना एवढंच जमलं: "उद्या आधी तू जा."

६. दुसरं वळण

रविवारी आकाश स्वच्छ होतं आणि ट्रॅक कोरडा होता. बायको हेल्मेट घालून, पट्टे आवळून खोलगट सीटमध्ये बसली तेव्हा डॉक्टर कठडा घट्ट धरून उभे होते. आत्यांनी चणे-कुरमुरे पुढे केले. डॉक्टरांनी ते न बघताच तोंडात टाकले.

भिंगरी सुटली. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाआधी निळ्या पॅडनी गाडी धरली, नाक खाली झालं, आणि वळणाच्या पोटातून ती अशी अलगद निघाली की डॉक्टर तोंडातले चणे चावायला विसरले. मग तिसरं, मग चौथं. फेरीमागून फेरी. तिची वेळ डॉक्टरांच्या सर्वांत चांगल्या वेळेपेक्षा थोडी जास्तच होती, पण एकही चाक गवताला शिवलं नाही. डॉक्टर एवढ्या जोरात ओरडले की हाडांचे डॉक्टर तिथे असते तर त्यांनी परवानगी जागीच रद्द केली असती.

"आता तुम्ही," ती हेल्मेट काढत म्हणाली. केस घामानं कपाळाला चिकटले होते आणि चेहरा उजळून निघाला होता.

डॉक्टर बसले. आरसा वर करावा लागला. पहिली फेरी त्यांनी बेतानं मारली. दुसरीत त्यांना वाटलं, बायकोनं ब्रेक जिथे दाबले त्याच्या जरा पुढे आपण दाबून बघू.

जरा पुढे म्हणजे फारच पुढे ठरलं. दुसऱ्या वळणावर मागची बाजू निसटली, आकाश, कठडा, आत्या, पुन्हा आकाश असं सगळं काचेसमोरून गेलं, आणि भिंगरी गवतात उलट्या तोंडानं उभी राहिली. इंजिन बंद पडलं. दूर कुठेतरी मेहुणा पोट धरून हसत होता.

सावकाश गाडी घेऊन ते परत आले. बायकोनं त्यांच्या खांद्यावरची गवताची काडी काढली. आत्यांनी उरलेले चणे पुढे केले, आणि ते जास्त लागलं.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "आता नाव बदलायचं का गाडीचं?"

"नाव राहू दे," डॉक्टर म्हणाले.

सोमवारी दवाखाना उघडला. खिडकीतल्या कुंड्यांत नवी रोपं आली होती. पहिला पेशंट जुनाच होता, बँकेतला कॅशियर. त्याच्या तोंडात नळी गेली, कापूस गेला, आणि डॉक्टरांनी आरसा हातात घेत नेहमीसारखी सुरुवात केली.

"आमच्या गाडीचं नाव भिंगरी का, सांगितलं का तुम्हाला? दुसऱ्या वळणावर ती गरागरा फिरली आणि गवतात उलटी उभी राहिली."

कॅशियरनं डोळे मिचकावले आणि बोट बाहेरच्या खोलीकडे दाखवलं. तिथे डॉक्टरांची बायको फोनवर पेशंटना वेळा देत होती.

"छे हो, ती नाही," डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मी. मी फिरवली. ती तर ते वळण अलगद घेते. आ करा."